मी तर फक्त चार्ट धरून उभी होते

प्रिय ताई,

मी साक्री तालुक्यात पांझरेकाठच्या गावात राहते. दहावीला आहे. आमच्या मॅडमनी दोन पानं लिहून आणायला सांगितली आहेत, ‘शालेय प्रकल्प व उपक्रमांतून माझ्यात विकसित झालेली कौशल्ये’. मी लिहिलं की माझ्यात नेतृत्वगुण, संघभावना, सर्जनशीलता, संवादकौशल्य आणि वेळेचे नियोजन ही कौशल्ये विकसित झाली. मॅडमनी प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारली, बाजूला लिहिलं ‘म्हणजे काय?’ आणि वही परत दिली.

खरं सांगायचं तर मला काहीच सांगता येत नाही. नववीत जलसुरक्षा विषयासाठी आमच्या गटाने फड बागायतीचा, म्हणजे नदीचं पाणी गावाने मिळून शेतांना वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचा, प्रकल्प केला. चार्ट दुसऱ्या मुलीने काढला, कारण तिचं अक्षर चांगलं आहे. माहिती गटप्रमुखाने सांगितली, कौतुक त्याचंच झालं. मी तर फक्त चार्ट धरून उभी होते. त्याआधी आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना तीन-चार वेळा विचारून आले होते. ते पूर्वी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी देणारे, होते आणि फक्त अहिराणी बोलतात, म्हणून मला पाठवलं. फाइलमधली निम्मी पानं सायबरवरून काढलेली आहेत.

आनंदमेळाव्यात आम्ही चौघींनी भरीत आणि कळण्याची भाकरी विकली. खर्च ४८० रुपये झाला. २० रुपयांना एक अशा ९ ताटल्या गेल्या, मग कोणी घेईना. मग मी अर्धी भाकरी आणि थोडं भरीत १० रुपयांना द्यायचं ठरवलं, तशा ३० गेल्या. नफा शून्य. भित्तिपत्रकाचे दोन अंक निघाले आणि ते बंद पडलं.

पप्पा म्हणतात, प्रकल्प म्हणजे थर्माकोल आणि फेविकॉलचा खर्च. मैत्रीण म्हणते, ‘पन्नास शेतकऱ्यांचं सर्वेक्षण केलं’ असं लिहून टाक, कोण विचारतंय? मी काय लिहू? सोबत माझ्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवते.

— चार्टवाली

प्रिय चार्टवाली,

आधी तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. मी तीसेक वर्षं वह्या तपासल्या आहेत, म्हणून सांगते. पन्नास वह्यांचा ढीग समोर असला की ‘छान’ लिहून सही ठोकणं फार सोपं असतं. ‘म्हणजे काय?’ लिहिणारी बाई ती वही पुन्हा तपासायचं काम स्वतःवर ओढवून घेत असते. तेव्हा त्या लाल रेघा मनाला लावून घेऊ नकोस.

आणि ते पाच शब्द तुझ्या वहीत आले ते आमच्यामुळेच. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं आणि आम्हा शिक्षकांना प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायला लागल्या. कल्पना चांगलीच होती. पण थोड्याच दिवसांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. मीही एक घेतली. ‘गटात मिळूनमिसळून काम करते’ हे वाक्य मी एका वर्षी अर्ध्या वर्गाला वाटलं. त्यातली एक मुलगी वर्षभर कोणाशी बोललीच नव्हती, हे मला प्रगतिपत्रकं वाटून झाल्यावर लक्षात आलं. तर ही भाषा तुम्ही पोरांनी आमच्याकडूनच उचलली आहे.

आता घरातली भाषा बघ. तुझी आजी शेजारणीबद्दल ‘तिच्यात पाककौशल्य विकसित झाले आहे’ असं कधी म्हणेल का? ती म्हणेल, ‘तिला मांडे येतात.’ एवढ्यात सगळं आलं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि न फाटता उपड्या खापरावर टाकायचा. ज्या बाईला हे येतं तिला येतं, आणि जिचा मांडा फाटतो तिला अजून येत नाही. पोहता येतं, दारं धरता येतं, हिशेब येतो. मॅडमच्या त्या लांबलचक शीर्षकाचा अर्थही माझ्या मते एवढाच आहे : मला आधी काय येत नव्हतं, आता काय येतं, आणि मध्ये काय झालं. तू लिहिलेली पाचही नामं खोडून टाक आणि प्रत्येक वाक्य ‘मला … येतं’ असं लिहून बघ. जे वाक्य असं लिहिता येणार नाही ते सोडून दे. ‘मला संघभावना येते’ असं कोणी म्हणत नाही, त्यामुळे ती आपोआप गळेल.

आता तुझ्या फोटोंकडे येते. ते तू पाठवले नसतेस तर मीही तुला चार गुळमुळीत गोष्टी सांगून मोकळी झाले असते.

पहिल्या पानावर वर लिहिलंय, ‘प्रश्न १. फड सिंचन पद्धतीचे फायदे सांगा.’ खाली उत्तराच्या जागी फक्त ‘हसले’. पुढे ‘प्रश्न २. ही पद्धत कधी सुरू झाली?’ आणि उत्तर, ‘माहीत नाही, बापाच्या आधीपासून.’ मग अर्धं पान कोरं. दुसऱ्या पानावर तारीख बदललेली आहे आणि प्रश्नही. ‘पाणी कमी पडलं तर पहिलं कोणाचं तोडायचे?’ त्याखाली तू सतरा ओळी लिहिल्या आहेस. मी मोजल्या.

मधल्या दिवसांत काय झालं, पोरी? पहिल्या दिवशी तू पुस्तकातला प्रश्न घेऊन गेलीस आणि आजोबा हसले. एकदा घडलेलं काहीतरी विचारलं की माणूस बोलतो, फायदे विचारले की गप्प बसतो, हे तुला कोणी शिकवलेलं नव्हतं. तू तोंडघशी पडलीस, घरी आलीस, प्रश्न बदललास आणि पुन्हा गेलीस. मोठमोठ्या वर्तमानपत्रांतल्या लोकांना हे जमायला काही वर्षं जातात. आणि तू मला लिहितेस, ‘विचारून आले होते.’

आजोबांचं उत्तर तर सोनं आहे. ते म्हणाले, कोणाचंच नाही तोडायचो, फडच सोडून द्यायचा. इतर वाचकांसाठी जरा सांगते, कारण जळगावकडच्या लोकांनासुद्धा हे ठाऊक नसतं. पांझरेसारख्या नदीवर ओळीने छोटे बंधारे, प्रत्येकाचा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग, म्हणजे चार फड. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांचं एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, आणि एखादा पडीक. पुढच्या वर्षी पिकं फिरायची. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, वर हवालदार, आणि या सगळ्यांवर गावाचे पंच. सरकारी कागद यायच्या कितीतरी आधीपासून गावं हे आपलं आपण चालवत होती. खरी खुबी अशी, की प्रत्येक शेतकऱ्याचा जमिनीचा तुकडा थोडाथोडा प्रत्येक फडात असायचा. म्हणून नदी आटली की एक फड कोरडा ठेवायचा आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचं भिजलं आणि शेपटाकडच्याचं वाळलं, असं व्हायला नको, म्हणून ही मांडणी. पुढे नदीवर वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी वाढल्या, नदीला बारमाही पाणी राहिलं नाही आणि बऱ्याच बंधाऱ्यांखालचे फड मोडले.

आता तुझ्या फाइलमधली सायबरवरची पानं काढ. त्यात ‘समन्यायी पाणीवाटप’ असा जडजंबाल शब्द नक्की असेल. आजोबांनी तीच गोष्ट तीन शब्दांत सांगितली, आणि ते तीन शब्द तुझ्या प्रश्नाने बाहेर आले. तुमच्या अख्ख्या प्रकल्पातला हा एकच भाग दुसऱ्या कोणत्याही शाळेच्या फाइलमध्ये सापडणार नाही.

आणखी एक. तुझ्या पानावर आजोबांची अहिराणी तू प्रमाण मराठीत उतरवली आहेस. ‘पाटकरी’ तसाच ठेवलास. ‘जागल्या’ तसाच ठेवून समासात अर्थ लिहिलास. ‘बारी’ लिहून खोडलंस आणि ‘पाळी’ केलंस. कुठला शब्द तसाच न्यायचा, कुठल्याला अर्थ जोडायचा आणि कुठला बदलायचा, हे तीन निर्णय तू घेतलेस. तिसरा मला पटला नाही, पण ते नंतर. आपल्याकडे अहिराणी बोलणारी पोरं शाळेत गेली की जीभ आवळून घेतात. ‘फक्त अहिराणी बोलतात, म्हणून मला पाठवलं’ हे तू असं लिहिलं आहेस, जशी काही हमालीच वाट्याला आली. अगं, गटातल्या चौघा-पाचांत जिला दोन्ही काठांवर उतरता येत होतं, ती तू एकटी होतीस. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरींनी जमेल तशा उतरवून घेतल्या, म्हणून आज त्या तुझ्यामाझ्यापर्यंत आल्या. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे जळगावला. ऐकून नीट उतरवणं हलकं काम असतं, तर ते झालं नसतं. तुझी तुलना त्यांच्याशी करत नाही, फुगू नकोस. काम त्याच जातीचं आहे, एवढंच म्हणते.

गटप्रमुखाचं तुला लागलेलं दिसतंय. लागणारच. ‘ही माहिती हिने आणली’ एवढं त्याने म्हणायला हवं होतं. पण मॅडमच्या दोन पानांत त्याचा हिशेब मांडू नकोस. ‘माहिती मी गोळा केली, चार्ट मैत्रिणीने काढला, मांडणी गटप्रमुखाने केली,’ एवढं एक सरळ वाक्य लिही. वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. आणि हेही मान्य कर की त्या दिवशी त्याला बोलता आलं, तुला आलं नसतं. तसं असेल तर ‘अजून काय येत नाही’ असा एक परिच्छेद करून त्यात लिहून टाक : चारचौघांत उभी राहिले की घसा कोरडा पडतो, ते अजून जमलेलं नाही. मॅडमना हा परिच्छेद सगळ्यात जास्त आवडेल, माझी पैज. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांनी स्वतःचं मूल्यमापन स्वतः करावं आणि ते प्रगतिपत्रकात यावं, असं म्हटलं आहे. म्हणजे हे लिखाण पुढेही तुझ्यामागे लागणार आहे. आत्ता खरं लिहायची सवय लागली तर पुढे त्रास वाचेल.

सायबरच्या पानांचं काय? ‘निम्मी माहिती इंटरनेटवरून घेतली’ असं लिहायचं. त्यात लाज नाही. ती पानं स्वतःची म्हणून खपवली तर आहे.

आता तुझ्या त्या मैत्रिणीचं सर्वेक्षण. पन्नास शेतकरी? कापूस वेचणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याला दहा मिनिटं गाठून दाखव म्हणावं तिला. मॅडम फक्त एवढंच विचारतील, ‘पन्नासांपैकी किती जणांची जमीन फडात होती?’ की तुझा आवाज गेला. पकडली जाशील हे तर आहेच, पण मला जास्त वाईट वाटेल ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या खोट्या पन्नासांखाली तुझे खरे एक आजोबा दबून जातील.

पप्पांचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आली, पण शाळेच्या मॉडेलांतून तो अजून पुरता गेलेला मी काही पाहिला नाही. मी कितीतरी विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून गेले. दरवर्षी तोच खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी आणि तीच इंजेक्शनच्या सिरिंजांची जेसीबी. एका वर्षी एक मुलगा सलाइनच्या नळ्यांचं ठिबक घेऊन आला होता. टेबलभर पाणी सांडलेलं. आम्ही जवळ गेलो तर तो रडवेला होऊन सांगायला लागला, की गरम सुईने भोक पाडलं तर मोठं होतं, गार सुईने पाडलं तर नळी पुन्हा मिटते, आणि शेवटच्या टोकाला पाणी पोचतच नाही, म्हणून पुढची भोकं लहान आणि मागची मोठी करत आणली होती, तरी जमलं नाही. आम्ही पहिला नंबर ज्वालामुखीला दिला. मीही त्यालाच दिला. तेव्हा मला अक्कल नव्हती, असं आता म्हणते, पण त्या पोराला त्याचा काय उपयोग!

म्हणून पप्पांना सांग, थर्माकोलवर खर्च झालेला पैसा गेला तो गेला. पण आजोबांच्या ओट्यावर तीन-चार वेळा जाऊन बसायला एक रुपयाही लागला नव्हता.

आनंदमेळाव्याकडे तू स्वतःच नीट पाहिलेलं नाहीस. ९ ताटल्यांचे १८०, अर्ध्या ३० ताटल्यांचे ३००, झाले ४८०. अर्ध्यातच थांबली असतीस तर ३०० रुपये बुडाले असते. मधल्या सुट्टीत पोरांच्या खिशात दहाचीच नोट असते, हे तू उभ्याउभ्या ओळखलंस आणि भाकरी मोडलीस. आधी कळलं असतं तर जास्त बरं, पण दुकानदारही हे माल पडून राहिल्यावरच शिकतो. हा भाग कसा लिहायचा, त्याचा नमुना देते :

‘आम्ही २० रुपयांची ताटली ठेवली होती. ९ ताटल्यांनंतर गिऱ्हाईक थांबलं. मुलं यायची, भाव विचारायची आणि पाणीपुरीकडे जायची. त्यांच्याकडे १० रुपयेच आहेत, हे दोघांना विचारल्यावर कळलं. मग मी अर्धी भाकरी १० रुपयांना द्यायला सुरुवात केली. खर्च भरून निघाला, नफा झाला नाही. भाव ठरवण्याआधी घेणाऱ्याला विचारायचं, हे मला आता येतं. किती वांगी लागतील याचा अंदाज मात्र अजून येत नाही.’

हे उतरवून देऊ नकोस, माझं अक्षरन् अक्षर मॅडम ओळखतील. कोणती वाक्यं यात नाहीत ते बघ. ‘या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळाले’ हे नाही. ‘अविस्मरणीय अनुभव’ नाही. तुझ्या आईला वाचून दाखव आणि ती मध्येच म्हणाली, ‘हो, आणि मग त्या उरलेल्या भाकरी कोणी खाल्ल्या?’ तर समज की जमलं.

भित्तिपत्रकावर फार शाई खर्च करू नकोस. तिकडे अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. तुमचं दोन अंकांत आटोपलं. ते का बंद पडलं हे तुला नेमकं ठाऊक असेल, मजकूर कोणी देईना की बोर्डाची किल्ली मिळेना, तर तेवढ्या दोन ओळी लिही. ठाऊक नसेल तर गाळ. कोरी जागा भरायला आठवीतली वृक्षदिंडी आणि सातवीतलं लेझीमही आणू नकोस.

फडाचं मी लिहून देणार नाही. त्यासाठी तुझी वही तुझ्याजवळ आहे. पहिल्या पानावरच्या त्या ‘हसले’ पासून सुरुवात कर, एवढंच सुचवते. ते हसू झाकून ठेवायची गोष्ट नाही, तिथूनच तुझी गोष्ट सुरू होते. आणि शेवटी तो आजोबांचा सोडलेला फड येऊ दे.

राहता राहिली ‘बारी’. पाणी देण्याच्या वेळेला आपल्याकडे बारी म्हणतात. तू तिची ‘पाळी’ केलीस, कारण तुला वाटलं मॅडमना बारी कळणार नाही. कदाचित कळणार नाही, पण मग समासात अर्थ लिहायचा, जसा जागल्याचा लिहिलास. तरी माझं ऐकू नकोस, ज्याचा शब्द त्याला विचार. मॅडमकडे वही देण्याआधी एकदा आजोबांच्या ओट्यावर जाऊन ती दोन पानं त्यांना वाचून दाखव, अहिराणीतून. चुकलं असेल तिथे ते हसतील, तुला माहीत आहेच. आणि या वेळी धड वही घेऊन जा. फोटोत मागच्या बाजूने किराण्याची यादी दिसते आहे.